वर्गाची खोली आधी

मा. संपादक,

काल रविवार पुरवणीतला मेलबर्नच्या ग्रीक लोकांवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. लेख मेहनतीने लिहिलाय, पण चर्चमुळे त्यांची भाषा टिकली, आपणही आधी देवळं बांधावीत, हे मला अजिबात पटलं नाही.

मी ११ वर्षं इथे मेलबर्नच्या ओकली उपनगरात राहतेय, शेजार सगळा ग्रीक. चर्चमधली प्रार्थना जुन्या ग्रीकमध्ये असते, शेजारच्या आजींच्या नातवाला ती कळत नाही, तो स्वतःच सांगतो. भाषा शिकला तो शनिवारच्या शाळेत. शुक्रवारी संध्याकाळी पायरीवर बसून 'क्सी' हे वेटोळ्यांचं अक्षर ओळच्या ओळ गिरवायचा, शेपूट चुकलं की आजी खोडरबर पुढे करायच्या. माझी मुलगी शेजारी बसून 'क्ष' गिरवायची.

त्याची शाळा कधी बुडली नाही. आमचा मराठी वर्ग भाड्याच्या हॉलमध्ये, गणपतीच्या आधी सलग ५ शनिवार तो हॉल नाचाच्या प्रॅक्टिसला दिला, आम्हाला विचारलंही नाही, १२ मुलं दारातून परत गेली, त्यातली ७ पुन्हा आलीच नाहीत, आणि उत्तर काय मिळालं तर 'ताई, जरा अ‍ॅडजस्ट करा'. मला आजही त्याचा राग येतो.

ग्रीकांनी १८९७ मध्ये संस्था काढली, मग व्हिक्टोरिया परेडवर चर्च बांधलं, हे लेखात आलंय. पण १९५२ च्या ऑस्ट्रेलिया-ग्रीस स्थलांतर करारानंतर जे हजारोंनी आले, फॅक्टरीत शिफ्ट करणारे, त्यांनी मुलांना संध्याकाळच्या नाहीतर शनिवारच्या ग्रीक शाळेत घातलं, त्यावर एक ओळ नाही! इथे बारावीला मॉडर्न ग्रीक विषय घेता येतो, लॉन्सडेल स्ट्रीटवर त्यांची स्वतःची १५ मजली बिल्डिंग आहे, तिथे वर्ग भरतात, कुणाच्या प्रॅक्टिससाठी उठावं लागत नाही. देवळाला माझी ना नाही, वर्गणीही देईन, पण नकाशात वर्गाची खोली आधी काढा.

आणि हो, तुमचं शनिवारचं बालपान बंद का केलंत? माझी मुलगी त्यातली कोडी वाचूनच जोडाक्षरं शिकली, कात्रणांची फाइल अजून आहे. धाकट्याला आता काय वाचायला देऊ?

— एक वाचक, मेलबर्न