फोटोखाली चार ओळी लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत एका ज्येष्ठ वाचकांनी प्रवासाचे फोटो सोशल मीडियावर टाकणाऱ्यांवर टीका केली आहे. गावोगाव हिंडायचं, फोटो काढायचे आणि चारचौघांत मिरवायचं, एवढाच त्यामागे हेतू असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याविषयी आदर ठेवून सांगतो, हे मला पटलेलं नाही. माझा अनुभव अगदी वेगळा आहे, म्हणून हे पत्र.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. चादरीच्या कारखान्यात जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राची, डिझाइनं काढण्यात आणि कार्डं पाडण्यात माझी हयात गेली. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची. भोक असेल तिथला हूक वर जातो, त्याच्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो आणि चादरीवर मोर उमटतो. आमच्या घरात तेलुगू बोलतात, कारण आमच्या पद्मशाली समाजाचे वाडवडील विणकामासाठी तेलंगणातून इकडे आले. मला मात्र तेलुगू लिहिता येत नाही. शाळा मराठीत झाली.

नात्यातल्या एका लग्नासाठी तिकडे गेलो असताना वाट वाकडी करून भूदान पोचमपल्लीला गेलो. धागा आधी बांधून-रंगवून मग विणायच्या साड्यांचं हे गाव. एका घराच्या ओसरीवर एक बाई आसूवर धागा चढवत होत्या. आसू म्हणजे मधोमध एक खुंटी, समोर अर्धवर्तुळात खुंट्यांची रांग. धागा मधल्या खुंटीवरून कडेच्या खुंटीवर न्यायचा, परत मध्ये आणायचा, मग पुढच्या खुंटीवर. एका साडीच्या बाण्यासाठी, म्हणजे आडव्या धाग्यासाठी, हात जवळपास नऊ हजार वेळा असा फिरवावा लागतो. आईचे हे हाल पाहून आलेर भागातल्या चिंतकिंदी मल्लेशम यांनी आसूचं यंत्र बनवलं. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या ओसरीवर मात्र अजून हातानेच काम चाललं होतं. मी विचारलं, ‘‘अक्का, फोटो काढू का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘हातांचा काढा, तोंडाचा नको.’’ मी तसाच काढला. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती, धाग्याने कातडी कापली जाऊ नये म्हणून. फोटोत ती चिंधी स्पष्ट दिसते.

हा फोटो मी फेसबुकवर टाकला आणि खाली मराठीत सविस्तर लिहिलं: गाव कोणतं, काम कोणतं, पुढे या धाग्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून बांधतात, मग तो रंगात बुडवतात, आणि पट्टीखालचा भाग कोरा राहतो. आमच्याकडे नक्षी मागावर तयार होते, तिकडे ती धाग्यातच रंगून येते, हेही लिहिलं. सुनेने तोच मजकूर हिंदीत करून दिला.

त्यानंतर जे झालं त्यासाठी हे सगळं सांगतोय. ओडिशातल्या नुआपाटण्याच्या एका विणकराने लिहिलं, की आमच्याकडे रबर वापरत नाहीत, दोऱ्यानेच बांधतो. सोबत त्याने पुरीच्या जगन्नाथासाठी विणल्या जाणाऱ्या खंडुआ वस्त्राचा फोटो पाठवला. त्यावर गीतगोविंदातली अक्षरं होती, धाग्यातच बांधून रंगवलेली! जकार्डवर अक्षर काढायलाही किती डोकं लागतं ते मला ठाऊक आहे. दोरा बांधून रंगवलेल्या धाग्यातून वाचता येईल असं अक्षर काढायचं, याला काय म्हणावं? मी तो फोटो मोठा करून एकेका कानामात्रेची कड बराच वेळ बघत बसलो. मग कोणीतरी बालीतल्या टेंगानान गावाचे फोटो टाकले. गुजरातेतल्या पाटणच्या पटोळ्यासारखेच तिथेही ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून रंगवतात, आणि विणताना दोन्हींची नक्षी एकमेकींवर अचूक बसवतात. जगात हे काम फार थोड्या ठिकाणी होतं. आमच्या गल्लीतल्या मागवाल्या पोरांनी हे सगळं माझ्या मोबाइलवर पाहिलं. हातमागाचं नाव काढलं की नाक मुरडणारी ही पोरं. तीच मला विचारू लागली, बाण्यातली नक्षी काठाला सरकत कशी नाही?

पोचमपल्लीतल्या विनोबा मंदिराचाही फोटो मी टाकला होता. १८ एप्रिल १९५१ रोजी याच गावात विनोबांना शंभर एकरांचं पहिलं भूदान मिळालं. त्याखाली वर्ध्याच्या एका आजींनी पवनारच्या आश्रमातल्या आपल्या लहानपणच्या आठवणी लिहिल्या. मूळ फोटोपेक्षा त्याच जास्त लोकांनी वाचल्या, आणि ते योग्यच झालं.

दुसरं उदाहरण युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेलेल्या आपल्या डॉ. कोटणीसांचं. माझ्या भाच्याची मुलगी चीनमध्ये शिकायला आहे. तिने शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीतला डॉक्टरांच्या समाधीचा फोटो टाकला. चीनमध्ये अशीच सेवा केलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांचीही समाधी तिथेच आहे. एप्रिलच्या सुरुवातीला पूर्वजांच्या समाध्या झाडून साफ करायचा सण असतो, तेव्हा लोक तिथे फुलं वाहतात. १९३८ मध्ये गेलेला आणि १९४२ मध्ये तिकडेच वारलेला आपला सोलापूरचा माणूस, आणि त्याच्यासाठी फुलं घेऊन आलेली शाळकरी मुलं! तिच्या वर्गमैत्रिणींनी विचारलं, त्यांचं घर कसं आहे? मग मी आणि माझा नातू, दोघं भैय्या चौकातल्या त्यांच्या घरच्या स्मारकात गेलो आणि तिथले फोटो काढून तिला पाठवले. त्या मुलींचे प्रश्न अजून चालू आहेत.

वाचकहो, हे घडतं ते फोटोखाली काही लिहिलेलं असतं म्हणून. आपण काय करतो? आमच्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचे हजारो फोटो निघतात आणि खाली नुसते जोडलेले हात. परगावच्या माणसाला काय कळणार? हे सात नंदीध्वज आहेत, एवढी उंच काठी एकटा माणूस कमरेच्या पट्ट्यावर तोलून धरतो, मानाच्या काठ्या वेगवेगळ्या समाजांकडे आहेत, मिरवणूक सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या ६८ लिंगांना जाते, अंगात पांढरी बाराबंदी असते, आणि संक्रांतीच्या सुमाराला अक्षता सोहळा होतो, हे लिहायला कितीसा वेळ लागतो? जे आपल्याला पाठ आहे ते समोरच्याला पहिल्यांदाच कळत असतं.

भीमा-सीनेच्या संगमावरच्या हत्तरसंग कुडलचंही तेच. शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधला मराठी शिलालेख तिथे आहे, ३५९ मुखांचं शिवलिंग आहे. असे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढवले तर कोणालाही, कोणत्याही भाषेत ते मोफत वापरता येतात. २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेली वारसास्थळांची छायाचित्र स्पर्धाही त्याच संकेतस्थळावर चालते, आपल्याकडच्या तरुणांनी तिच्यात उतरावं. मात्र अक्षरं उठून दिसावीत म्हणून शिलालेखाला खडू फासू नका. सकाळचं तिरपं ऊन त्यासाठी पुरतं. माळढोक अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर एखाद्या पक्ष्याचं घरटं दिसलं तर जागा सांगू नका. आणि माणसाचा फोटो असेल तर विचारल्याशिवाय टाकू नका, पोचमपल्लीच्या अक्कांनी मला सांगितलं तसं ऐका.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. रविवारच्या अंकात वाचकांच्या प्रवासातल्या एका फोटोला जागा द्यावी. अट एकच ठेवावी: ठिकाण, तिथलं काम किंवा प्रथा, आणि तिथल्या माणसाने स्वतः सांगितलेली निदान एक गोष्ट, एवढं खाली लिहिलेलं असलं पाहिजे. पहिला फोटो मी पाठवायला तयार आहे. त्या अक्कांना फोनवर विचारलं, वर्तमानपत्रात छापायला त्यांची हरकत नाही.

आपला,
एक जुना जकार्ड डिझायनर,
पूर्व भाग, सोलापूर