बदकांसाठी पेट्या नंतर टांगा, आधी झाडांच्या ढोल्या मोजा

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या तलावांच्या, पाळीची डागडुजी निघते आणि पहिला नंबर लागतो तो जुन्या, ढोली पडलेल्या झाडांचा. वाळलंय, पोकळ आहे, उद्या कोणाच्या अंगावर पडलं तर काय, असं म्हणत करवत लावून मोकळे. पाळीत मुळं शिरली की पाणी झिरपतं हे इंजिनिअर लोकांचं म्हणणं मान्यच आहे, पण पाळीपासून लांब धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभ्या असलेल्या मोहानं काय घोडं मारलंय? तोही त्याच ट्रॉलीत जातो.

नकटा आणि काणूक ही आपली इथलीच बदकं, पावसाळ्यात अंडी घालतात ती झाडाच्या ढोलीत. अडई या तिसऱ्या बदकाचं तसं जमून जातं, ढोली नाही मिळाली तर गवतात नाहीतर कावळ्या-बगळ्याच्या जुन्या घरट्यात भागवते. पण ढोली कोरायला यातल्या कोणालाच येत नाही. फांदी मोडते, तिथं पाणी मुरतं, वर्षानुवर्षं लाकूड कुजतं तेव्हा कुठं बदक मावेल एवढी जागा होते. काणूक न् नकट्याची पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की आई खालून हाका मारते आणि ही कापसाच्या बोळ्याएवढी पिल्लं वरून धपाधप उड्या टाकतात अन् तिच्या मागं थेट पाण्यात.

आता कोणी म्हणेल झाड गेलं तर लाकडी पेट्या टांगू की! अमेरिकेत वुड डकसाठी हे झालंय. शिकार आणि जंगलतोडीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बदक संपतंय का काय अशी वेळ आली होती, 1918 च्या कायद्यानं शिकार थांबली, 1930 च्या दशकापासून पेट्या लागल्या आणि संख्या खरंच वाढली. पण सोयीसाठी पेट्या जवळजवळ आणि उघड्यावर लावल्या तिथं वेगळाच घोळ झाला, एक मादी आत जाताना दुसरीला दिसायची आणि तीही त्याच पेटीत अंडी टाकून यायची, 10-12 च्या जागी 30-30 अंडी, मग धड उबवणार कोण? वर पेटीत जन्मलेल्या माद्या फिरून त्याच भागात येतात, त्यामुळं गर्दी आणखी वाढते. म्हणून पेट्या लावायच्याच तर एकमेकींपासून लांब, झाडीच्या आडोशाला, आणि खांबाला पत्र्याची कॉलर घालून, नाहीतर धामणीला आयतं ताट.

आणि मुळात आपल्याकडं ढोल्या कमी पडतायत की पिल्लं जगत नाहीत, हे कळणार कसं? पाणपक्ष्यांची मोठी मोजणी होते जानेवारीत, तेव्हा बाहेरून आलेल्या थव्यांत नकट्याची वीण झाली की नाही हे कोण सांगणार. गोंदियात सारसांची मोजणी जूनमध्ये होतेच ना, मग तीच मंडळी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परत तलावांवर फिरली आणि कुठल्या मादीमागं किती पिल्लं आहेत एवढं लिहून घेतलं तरी खूप झालं.

वनविभाग आणि पाटबंधारे खात्यानं एवढंच करावं, डागडुजीच्या अंदाजपत्रकाआधी तलावाभोवतीच्या ढोलीवाल्या झाडांची यादी करावी, त्यांना चुन्याचा पट्टा मारावा आणि तोडायचंच असेल तर निदान जून ते सप्टेंबर करवत बाजूला ठेवावी.

– एक पक्षीनिरीक्षक, साकोली (जि. भंडारा)