मोहरीला गंधक हवे, डीएपी पुरेसे नाही

संपादक महोदय,

पूर्व विदर्भात धान कापणीनंतर मोहरी पेरणारे शेतकरी वाढत आहेत, परंतु पेरणीच्या वेळी बहुतेकांच्या बैलगाडीत डीएपी या खताचीच पोती दिसतात. डीएपीमधून नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) मिळते, गंधक जवळजवळ मिळतच नाही. आणि मोहरीचा तिखटपणा ज्या द्रव्यांमुळे येतो, ती गंधकाशिवाय तयार होत नाहीत. तेलाचा उताराही गंधक कमी पडले की घटतो. माझ्या बांधीत (धानाच्या शेतात) दोन वर्षांपूर्वी मोहरीच्या शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडली, तेव्हा नत्र कमी पडले समजून मी युरिया टाकला. नत्राची कमतरता आधी खालच्या जुन्या पानांवर दिसते आणि गंधकाची कोवळ्या पानांवर, हे तेव्हा ठाऊक असते तर तो खर्च वाचला असता.

सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ११ टक्के गंधक असते, म्हणजे ५० किलोच्या पोत्यातून साडेपाच किलो. हेक्टरी २० किलो गंधक द्यायचे तर एकरी दीड पोते पुरते, स्फुरदही त्यातूनच मिळते. दाणेदार गंधक वापरणाऱ्यांनी मात्र ते पेरणीआधी दोन-तीन आठवडे मातीत मिसळावे, कारण जिवाणूंनी त्याचे सल्फेट केल्याखेरीज मुळांना ते घेता येत नाही.

वाणाचेही तसेच. धान उशिरा निघत असेल, तर सुमारे १३० दिवसांचा ‘पुसा बोल्ड’ पेरून फुलोऱ्यात मावा या रस शोषणाऱ्या किडीच्या तावडीत सापडण्यापेक्षा लवकर येणारा वाण घ्यावा. कृषी सेवा केंद्रात तो पेरणीपूर्वी मिळेल, एवढे कृषी विभागाने पाहावे.

– एक शेतकरी, जि. भंडारा