पितळी तांब्यावरच्या प्रकाशासाठी : एक खुले आभारपत्र

सोलापूर

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या रविवारी आपण माझ्या हातातील छायाचित्र खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलेत आणि तांब्याच्या कडेवरच्या बारीक काळ्या रेषेवर बोट ठेवून, “आता हा गोल दिसतोय,” एवढेच म्हणालात. त्या वेळी मला काही बोलता आले नाही. तेव्हा जे म्हणायला हवे होते ते या पत्रातून म्हणत आहे. ते खुलेपणाने लिहिण्याचे कारण असे की, घरातल्या साध्या वस्तूंवर प्रकाशाचे प्रयोग करू पाहणाऱ्या इतरांनाही आपण शिकवलेले उपयोगी पडावे.

मी प्रथम छायाचित्रण शिकायला आपल्याकडे आले तेव्हा माझ्याजवळ तीन दिवे होते आणि प्रत्येक छायाचित्रात वस्तूच्या तीन सावल्या होत्या. आपण छायाचित्रे बाजूला ठेवलीत आणि घरी जाऊन खोलीतली ट्यूबसुद्धा बंद करायला व एकच टेबल लॅम्प ठेवायला सांगितलेत. सोबत एक वही दिलीत आणि एक नियम घालून दिलात : कॅमेरा तिपाईवर जागचा हलवायचा नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग ते दिव्याचे अंतर असो, उंची असो किंवा त्याच्यापुढचे कापड असो, आणि काय बदलले ते छायाचित्र काढण्याआधी लिहायचे. ट्यूब का बंद करायची हे मला पुढे कळले. केल्विन या उजेडाचा रंग मोजण्याच्या एककात पिवळा बल्ब साधारण २७०० चा आणि दुपारचा उजेड साधारण ५५०० चा, आणि ट्यूबही दुपारच्या उजेडासारखी पांढरी-निळसर असल्यामुळे असे दोन उजेड एकत्र आले की वस्तूची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर होते, आणि मग कॅमेऱ्यात कोणतीही सुधारणा केली तरी एक बाजू चुकीचीच राहते.

वहीच्या पहिल्या पानांवर फक्त अंतरे आहेत. उघडा बल्ब खलबत्त्यापासून १ फुटावर असताना कॅमेऱ्याची झडप १/६० सेकंद उघडून बरोबर येणाऱ्या चित्राला, तोच बल्ब २ फुटांवर नेल्यावर १/१५ सेकंद लागले, कारण अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो. हे सूत्र मी शाळेत पाठ केले होते. पण त्याच सूत्राने मागची भिंतही आपल्या ताब्यात येते, हे आपण दाखवेपर्यंत मला सुचले नव्हते. दिवा वस्तूपासून १ फूट आणि भिंतीपासून ३ फूट असेल तर भिंतीला वस्तूच्या एक-नवमांश प्रकाश मिळतो आणि ती काळोखात बुडते. दिवा तिथून आणखी २ फूट मागे घेतला की भिंतीला वस्तूच्या एक-तृतीयांशाहून थोडा अधिक प्रकाश मिळतो आणि तिच्यावरचा चुन्याचा पोपडासुद्धा दिसू लागतो. पार्श्वभूमीसाठी काळे कापड विकत आणण्याची मला तेव्हापासून गरज पडलेली नाही.

आजोबांचे जुने धोतर दिव्यापुढे टांगल्यावर सावलीची कड मऊ झाली, याचे श्रेय मी कापडाला दिले होते. आपण तेच कापड दिव्यासकट खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यायला लावलेत आणि सावली पुन्हा टोकदार झाली. वस्तूच्या जागेवरून पाहता उजेडाचा पट्टा किती मोठा दिसतो, त्यावर सावलीचा मऊपणा ठरतो, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या संध्याकाळी मला पक्के समजले. चादरीच्या बाबतीत मात्र मऊ उजेड उपयोगाचा नव्हता. आपल्या गावच्या चादरीची जॅकार्डवरची (नक्षी विणणाऱ्या मागावरची) वीण समोरून फ्लॅश मारला तर छापील कागदासारखी सपाट दिसते. दिवा टेबलाच्या पातळीवर आणून उजेड कापडावरून सरपटत नेला की प्रत्येक धागा आपली छोटी सावली टाकतो आणि नक्षी वर उठते. कडक भाकरीचे फोडही मी त्याच उजेडात टिपले.

सोलापूरचा सूर्यही आपण माझ्या वहीत आणलात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास आपण मला गच्चीवर कळशी ठेवायला सांगितलेत आणि तिची सावली तिच्याच पोटाखाली गेलेली मी पाहिली. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कलून आकाशात निम्म्या उंचीवर असतो. त्यामुळे माझ्या दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन थेट टेबलावर येते आणि मेमध्ये ते उंबऱ्याबाहेरच राहते. कोणत्या महिन्यात कोणती खिडकी उघडायची, हे आता वही पाहून ठरते.

सर्वांत जास्त दिवस तांब्याने घेतले. चिंचेने घासलेले पितळ हा आरसाच असतो आणि तांब्याचा फुगीर पोटाचा आरसा जवळजवळ सगळी खोली दाखवतो. पंखा, दार, मी, तिपाई. मी दिवा हलवत राहिले आणि प्रत्येक वेळी दिव्याचाच एक पांढरा ठिपका जागा बदलत राहिला. दिवा तांब्यावर टाकायचा नसून तांब्या ज्याच्याकडे पाहतो त्यावर टाकायचा, हे आपले वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले आहे. दोन्ही बाजूंना पांढरे कापड उभे करून त्यावर प्रकाश टाकला तेव्हा खोली नाहीशी झाली, पण तांब्याही दुधाळ आणि चपटा झाला, आणि मी पार निराश झाले. तेव्हा आपण आपल्या स्टुडिओतल्या जुन्या सामानातून दोन बोटे रुंद काळ्या पुठ्ठ्याची पट्टी काढून दिलीत. ती पांढऱ्या कापडापुढे उभी करताच तांब्याच्या कडेने काळी रेषा उतरली आणि त्याला पोट आले. पट्टी किती सरकवायची ते आपण सांगितले नाहीत. मला त्यात अकरा संध्याकाळी लागल्या, आणि आपण तो वेळ माझ्याकडून हिरावून घेतला नाहीत, याबद्दल मी आपली विशेष ऋणी आहे.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३० मध्ये ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली, हे आपण सांगितलेत त्याच दिवशी मी माळ्यावरून रॉकेलचे नरसाळे काढले आणि त्यात वांगे ठेवले. पत्र्याच्या उताराने उजेड चहूबाजूंनी परतवला आणि वांग्याच्या काळ्या बाजूलाही घडण दिसू लागली. ते छायाचित्र अजून मनासारखे नाही, म्हणून आपल्याला दाखवलेले नाही.

पुठ्ठ्याची पट्टी मी परत आणलेली नाही आणि ती माझ्याकडेच राहू द्यावी, अशी विनंती आहे. सध्या लोणच्याच्या काचेच्या बरणीवर काम चालू आहे. मागून उजेड दिल्यावर तिच्या कडा काळ्या आणि स्वच्छ येतात, पण आतल्या फोडी झाकोळतात. येत्या रविवारी टेबल, दिवा आणि वही तयार ठेवते. आपण चहाला यावे.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी