ओंकारच्या प्रश्नाबद्दल

कुंडल, जि. सांगली

प्रिय संजय,

तुझं पत्र मिळालं. काकांची तब्येत सावरली हे वाचून जीव भांड्यात पडला.

ओंकारने तुला जे विचारलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. "पणजोबा चळवळीत होते, मला अभिमान आहे. पण त्यातलं मी आज काय घेऊ?" तुला राग आला म्हणतोस. मला मात्र पोराचं कौतुक वाटलं. त्याने मनापासून विचारलंय, आणि आपण आजवर त्याला जे सांगत आलो त्यात याचं उत्तर सापडणं कठीणच.

आपण सांगतो काय? ७ जून १९४३, शेणोलीजवळ तूफान सेनेने, म्हणजे चळवळीच्या सशस्त्र दलाने, सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. १४ एप्रिल १९४४, धुळ्याचा खजिना लुटला. नाना पाटील, जी. डी. बापू, कॅप्टन भाऊ. ही नावं घेताना आजही माझा ऊर भरून येतो, आणि ती घेतलीच पाहिजेत. पण गाडी अडवायला एक दिवस लागला. प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना बाजूला सारून गावोगावी चालवलेला आपला कारभार, मात्र १९४३ पासून १९४६ पर्यंत चाललं. बाकीचे दिवस आपली माणसं काय करत होती, हे ओंकारला कोणी सांगितलंय का?

ती गावं चालवत होती, संजय. मला तर तेच जास्त मोठं वाटतं. न्यायदान मंडळं बसायची, दारूचे गुत्ते बंद केले जायचे, वाचनालयं काढली जायची. आमचे आबा अशा निवाड्यांना बसलेले. ते सांगायचे, भांडण बांधाचं असलं तर मंडळी आधी बांधावर जायची. दोघा भावांना बरोबर घेऊन बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, शिवेचा दगड कुठे होता ते शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारायचं, दोरीने मापायचं. मग तिथेच खाली बसून दोघांचं पुरतं ऐकून घ्यायचं. निकाल लागला की दोघा भावांनी एकाच पंगतीला जेवायचं, ही आबांची अट. नाना पाटील स्वतः आधी तलाठी होते, १९३० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. जमिनीची भांडणं गावाला कशी पोखरतात हे त्या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आणि आज? हातभर बांधासाठी सख्खे चुलतभाऊ कोर्टाच्या तारखा करतात. वकिलाच्या फीत गेलेल्या पैशात त्या हातभर जागेसारखी अख्खी पट्टी विकत आली असती. वाईट वाटतं रे.

लग्नांचंही तसंच. गांधी-लग्नं लागायची, हार घालून, हुंडा नाही, मानपान नाही, कर्ज नाही. सत्यशोधकांची परंपरा आपल्या भागात होतीच, म्हणून लोकांच्या ती पचनी पडली. आबांचं आणि आज्जीचं लग्न तसंच लागलं. त्यांची नातवंडं म्हणवणाऱ्या आपल्या भावकीत परवाच्या लग्नात हळदीला डीजे, साखरपुड्याला वेगळा हॉल, आणि पोरीच्या बापाने त्यासाठी दोन एकर गहाण टाकलं. मंडपाच्या दारात आबांचा हार घातलेला फोटो होता. मी फार वेळ तिथे थांबू शकलो नाही.

आज्जीचं तर कुठे नावच नाही. भूमिगतांना भाकरी पोचवायचं काम तिच्याकडे होतं. पहाटे भाकऱ्या थापायच्या, फडक्यात बांधून पाटीच्या तळाला ठेवायच्या, वर ओली वैरण रचायची आणि शेताला निघाल्यासारखं निघायचं. वाटेत पोलीस दिसला तरी चाल बदलायची नाही. कोणासाठी नेतेय हे तिने सासूलाही सांगितलं नव्हतं. हुतात्मा स्मारकावर, पेन्शनच्या यादीत, कुठेच ती नाही. ओंकारला हेही सांग. इतिहासात कोण राहून गेलं हे विचारायची सवय त्याला आत्तापासून लागू दे.

आणि लपवू नकोस. याच आपल्या घरात वाड्याबाहेरच्या गड्याला पाणी वरून ओतून दिलं जायचं. आज्जीनेच सांगितलं, मान खाली घालून. इंग्रजाशी लढणाऱ्या घरात हे चालत होतं. पूर्वजांचं सगळंच उचलायचं नसतं, काही तिथेच सोडून यायचं असतं. पोरांना आपण फक्त देव्हाऱ्यातले पूर्वज दाखवले तर पोरं नमस्कार करून निघून जातील, आणि त्यात त्यांचा काही दोष नसेल.

कर्मवीर भाऊराव अण्णांचंही बघ. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था निघाली. पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगातली पोरं जेवावीत म्हणून अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं, हे आपण शाळेत ऐकलं आणि रडलो. पण रयतेची वसतिगृहं तगली ती मुष्टिफंडावरही. दळण करताना घरातली बाई एक मूठ धान्य बाजूच्या मडक्यात टाकायची, मडकं भरलं की पोरांसाठी जायचं. ज्या घरात पावसाळ्यात स्वतःलाच पुरत नव्हतं, त्या घरातली मूठ होती ती. लक्ष्मीबाईंचा त्याग आपल्याच्याने होणार नाही कदाचित. पण मूठ ओंकारला जमेल. त्याचा पहिला पगार पुढच्या वर्षी सुरू होईल ना? आपल्या वाचनालयाला महिन्याला काही ठरवून देऊ दे, आणि ते चुकवू नको देऊस.

आता एक काम तुझ्याकडे. कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये गेले. ती पिढी संपत आलीय. काका तेव्हा लहान होते, पण त्यांनी पाहिलंय. ओंकारला त्यांच्याजवळ बसव आणि मोबाईलवर रेकॉर्ड करायला सांग. पराक्रम विचारू नकोस म्हणावं. रात्री दार वाजलं की घरातलं कोण उठायचं, भूमिगत माणूस आला की कुठे झोपायचा, घरात पैसा कुठून यायचा, भीती वाटली की काय करायचे, शेजाऱ्यांपैकी कोण फितूर झालं आणि नंतर त्याच्याशी कसं वागले, हे विचारू दे. शेवटचा प्रश्न काका टाळतील. पण दोनदा विचारला तर सांगतील.

दिवाळीला तिघेही या. आबांची ट्रंक माळ्यावर आहे, निवाड्यांचे काही कागद मोडीत आहेत, मला वाचता येत नाहीत. ओंकार मोडी शिकतोय म्हणाला होतास. किर्लोस्करवाडीला उतरा, मी गाडी घेऊन येतो.

वहिनींना नमस्कार, काकांना साष्टांग.

तुझा,
बाळू