इंदूरजवळच्या सिमरोलच्या मावशींना, त्या लाल चिंधीबद्दल

ती. मावशी,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहा टाकायला उठता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

फुलाचं अख्खं वर्ष कॅमेऱ्यात टिपायचं तर त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. इंदूरमध्ये हे मला कुणाला पटवता आलं नाही. एका बंगल्यावर हौसेनं बोलावलं आणि तेरडा ऐन फुलावर असताना लॉन करायचं म्हणून सगळा उपटून टाकला. एका नर्सरीत "रोप घ्यायचं असेल तर थांबा" असं ऐकलं. त्या दोन्ही ठिकाणची चीड अजून गेलेली नाही.

तुम्ही फाटकाची कडी बाहेरून कशी काढायची ते दाखवलंत आणि आपल्या कामाला लागलात. त्या बागेत मला उन्हाळ्यातला मोगरा मिळाला, दुपार कलल्यावर उमलणारी गुलबक्षी मिळाली, रात्री मोठ्या झाल्या की कळी धरणारी शेवंती मिळाली. पण जीव जडला तो कुंपणावरच्या कळलावीवर. पानाच्या टोकाचाच ताणा होतो आणि तारेला विळखा घालतो. फूल आधी हिरवट, मग पिवळं, पाकळ्या वर उलटलेल्या, आणि लाली चढत चढत शेवटी सगळं लालभडक. श्रावणातल्या ढगाळ उजेडात तो लाल फोटोत जसा उतरतो, तसा उन्हात कधीच उतरत नाही.

पावसाळा सरला की वेल वाळते आणि जमिनीवर तिची खूण राहत नाही. कंद खाली काळ्या मातीत झोपतो. विषारी म्हणून, घरात भांडणं लागतात म्हणून, लोक तो खणून फेकतात. मी हिवाळ्यात आलो तेव्हा लसणाची ओळ कुंपणापासून हातभर अलीकडेच थांबलेली होती. पुढे एक काटकी, तिला तुमच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी. "इथे तुझी वेल निजलीय, खुरपं लागायला नको," एवढंच तुम्ही म्हणालात.

मी मागितलं नव्हतं, मावशी. त्या चिंधीमुळेच पहिल्या पावसानंतर मातीतून वर येणारा कोंब मला सापडला. माझ्या फोटोंचं कौतुक करणारे पुष्कळ भेटले. जे अजून उगवलेलंही नाही त्याच्यासाठी स्वतःच्या वाफ्यातली जागा सोडणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. अशी माणसं आहेत, म्हणून परक्याच्या फाटकाशी उभं राहायचा धीर होतो.

फोटो छापायला दिलेत. कोंबापासून ते बोंड फुटून शेंदरी बिया दिसेपर्यंतचे सगळे आणून देतो, भिंतीवर कुठले लावायचे ते तुम्ही ठरवा. आणि यंदा लसूण लावायच्या वेळी निरोप धाडा, वाफे पाडायला मी येतो.

तुमचा,
कॅमेरावाला