सैनिकांचं कर्ज आणि रद्दीचा भाव

प्रिय भावड्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. अमेरिकेत फौजींना सगळं फुकट असतं, मग त्यांच्या हॉस्पिटलच्या कर्जासाठी लोक वर्गण्या कसल्या काढतात, असं विचारतोस? अरे, मी नाइट शिफ्टला बसून दुसरं काय बघतो! आमचं कामच ते, तिकडच्या हॉस्पिटलांच्या थकलेल्या बिलांसाठी इन्शुरन्सवाल्यांना फोन लावत बसायचं, आणि माजी सैनिकाचा क्लेम आला की माझं डोकं सटकतं. त्यांचं व्हीए म्हणून माजी सैनिकांसाठीचं सरकारी खातं आहे, त्यांची स्वतःची हॉस्पिटलं आहेत, पण प्रत्येक माजी सैनिक त्यात बसतोच असं नाही. आणि बसला तरी रात्री छातीत कळ आल्यावर माणूस जवळच्या प्रायव्हेटमध्येच जाणार ना? मग व्हीएला 72 तासांत कळवायचं. आयसीयूत पडलेला माणूस कळवणार कसा? ते राहिलं की क्लेम लटकतो, डिनायल येतो, म्हणजे पैसे द्यायला नकार, आणि बिल थेट म्हाताऱ्याच्या घरी.

आता खरी गंमत ऐक. वसूल न होणारी बिलं पुढे गठ्ठ्याने विकली जातात, शंभर डॉलरचं कर्ज साधारण एका डॉलरला, म्हणजे रद्दीच्याच भावात, आणि घेणारा मात्र त्या माणसाकडे अख्खे शंभर मागायला मोकळा. हे आतून माहीत असलेले दोघे वसुलीवाले, क्रेग अँटिको आणि जेरी अ‍ॅश्टन (अ‍ॅश्टन स्वतः माजी नौसैनिक), त्यांनी 2014 मध्ये आरआयपी मेडिकल डेट ही संस्था काढली, आता तिचं नाव अनड्यू मेडिकल डेट. देणग्यांतून तेच गठ्ठे विकत घ्यायचे आणि फाडून टाकायचे, बास. सैनिकांसाठी त्यांनी वेगळी मोहीमही चालवली. 2016 मध्ये टीव्हीवाल्या जॉन ऑलिव्हरने फक्त 60 हजार डॉलरमध्ये जवळपास दीड कोटी डॉलरचं कर्ज विकत घेतलं आणि या संस्थेमार्फत सुमारे 9 हजार लोकांचं माफ करून टाकलं.

अर्ज वगैरे करता येत नाही हं. गठ्ठ्यात तुझं नाव निघालं आणि कमाई कमी असली तर एक दिवस पिवळं पाकीट येतं, तुमचं कर्ज संपलं, आम्हाला काही देऊ नका. वर्षानुवर्षं धमकीची पत्रं उघडणाऱ्याला हा नवीन फ्रॉडच वाटणार, मलाही वाटला असता.

पण सगळं गोडच आहे असं नाही. 2024 मध्ये अर्थतज्ज्ञांचा मोठा अभ्यास आला, 83 हजारांवर लोकांचं 16.9 कोटी डॉलरचं कर्ज माफ करून बघितलं, तर सरासरी ना पैशाची ओढाताण फारशी कमी झाली ना मनावरचा ताण. मला याचं नवल वाटलं नाही. कर्ज इतकं स्वस्त मिळतं तेच मुळी ते जुनं, मेलेलं असतं म्हणून, तोवर माणूस उधाऱ्या करून आणि औषधं टाळून पार पिचलेला असतो. म्हणून मी म्हणतो पाकीट पाठवा, जरूर पाठवा, पण तो डिनायल लागतो त्या दिवशी भांडणारं कोणी असेल तर जास्त बरं. आमच्या फ्लोअरवर एखादी पोरगी अपील चिवटपणे लावून धरते ना, तिचं काम मला त्या दीड कोटींपेक्षा मोठं वाटतं, भले तिला इन्सेंटिव्ह दमडीचा मिळो.

आणि हो, सुभेदार काकांचं ईसीएचएस कार्ड, म्हणजे आपल्याकडच्या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, आहे ना? यादीबाहेरच्या हॉस्पिटलात इमर्जन्सीत न्यावं लागलं तर त्या योजनेच्या दवाखान्याला, म्हणजे पॉलिक्लिनिकला, 48 तासांच्या आत कळवायचं असतं. काकूंच्या मोबाइलमध्ये तो नंबर आजच सेव्ह करून दे, नंतर करतो म्हणशील आणि राहून जाईल.

तुझाच,
रातपाळीवाला